शिकाऊंसाठी हेलिकॉप्टर

बालीगंजच्या त्या घरात पाऊल टाकल्यावर मला सांगितलेला पहिला नियम जेवणाच्या वेळेचा नव्हता की आंघोळीच्या पाण्याचाही नव्हता. तो काचेच्या कपाटाचा होता. "याला हात लावायचा नाही. बघायचं, तेही हात मागे बांधून," दिघेकाका म्हणाले, आणि मी खरोखरच हात मागे बांधले. माझी बॅग अजून दारातच होती. कपाट दिवाणखान्याच्या एका भिंतीभर होतं. आत विमानं, रणगाडे, जुन्या मोटारी, एक शिडाचं जहाज. सगळं प्लॅस्टिकचं, पण इतकं हुबेहूब की जहाजाच्या दोरखंडांना गाठीसुद्धा होत्या. प्रत्येकाच्या पायाशी एक पांढरं कार्ड, त्यावर त्या यंत्राचं नाव आणि खाली 'निर्मिती : श्री. वि. ग. दिघे'. मी तोवर असं काही पाहिलं नव्हतं. आमच्या गावच्या शाळेत प्रयोगशाळेचं एक कपाट होतं, पण त्यात बाटल्या, एक सांगाडा आणि कोळ्यांची जाळी होती.

मी वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावातली. वडील तिथल्याच शाळेत शिपाई. प्रयोगशाळेचं कपाट त्यांच्याच ताब्यात असायचं. घरात पदवी मिळवणारी मी पहिलीच. आणि बँकेच्या परीक्षेत पास झाल्यावर नेमणूक आली ती थेट कोलकात्याची. बँकेतले पोतनीससाहेब इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस होते. त्यांनीच मला दिघ्यांच्या घरी खोली मिळवून दिली. काका एका सरकारी कंपनीतून मोठे इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षांपूर्वी बदलीवर आले आणि इथलेच झाले. मूलबाळ नव्हतं. त्या दोघांनी मला घरात घेतलं, हे उपकार मी आजही मानते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी मला कृतघ्न म्हणेल. म्हणू दे.

काकूंचं स्वयंपाकघर म्हणजे बंगालात उघडलेलं एक छोटं माहेर होतं. मसालेभाताला त्या इथला बारीक, वासाचा गोविंदभोग तांदूळ घालायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "आंबेमोहोर नाही, पण रागावू नये असा आहे." थंडीत पुरणपोळीत खजुराचा नवा गूळ पडायचा, मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळे मिटले, आणि काकू म्हणाल्या, "गावाकडे सांगू नकोस हं, बाटवली म्हणतील." शेजारून मोहरीच्या तेलाचा वास यायचा, दिवेलागणीला तीन बाजूंच्या घरांतून शंख वाजायचे, आणि ते थांबले की लांबून स्टेशनातली घोषणा ऐकू यायची. त्या वेळेला मला घरची आठवण हमखास यायची. काकूंना ते कसं कळायचं कोण जाणे. त्या मला हाक मारून लसूण सोलायला बसवायच्या.

माझं अक्षर चांगलं. वडिलांनी शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या चित्रकलेच्या सरांकडून मला वळण लावून घेतलं होतं. काकांनी ते पाहिलं आणि कपाटातली सगळी पिवळट कार्डं माझ्याकडून नव्याने लिहून घेतली. मी ती किती मन लावून लिहिली! सतरा वेळा 'निर्मिती : श्री. वि. ग. दिघे'. त्यांनी एवढं मोठं कपाट भरायला किती वर्षं घालवली असतील, या विचाराने माझा हात आदराने सावकाश चालत होता. आज ते आठवलं की मला माझ्या त्या हाताचा राग येतो.

रविवारी दुपारी मंडळाची चार-पाच माणसं जेवायला असायची. एकदा काका त्यांना शिडाचं जहाज दाखवत होते. कोणीतरी विचारलं, "हेलिकॉप्टर नाही का हो तुमच्याकडे?" मी वाढत होते. मला वाटलं, इथे आपल्यालाही सांगण्यासारखं काहीतरी आहे. म्हणून मी सांगितलं. आमच्या शाळेच्या मैदानावर एकदा निवडणुकीच्या प्रचाराला हेलिकॉप्टर आलं होतं. ते उतरायचं वर्तुळ माझ्या वडिलांनी आखलं होतं. मध्ये खुंटी ठोकून, दोरी ताणून, चुन्याचं वर्तुळ आणि आत भला मोठा इंग्रजी एच. आदल्या दिवसापासून त्यांनी धूळ बसावी म्हणून पाणी मारलं होतं. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा चुना असा उडाला की वडील भुवयांपर्यंत पांढरे होऊन घरी आले. आई हसायला लागली, तर म्हणाले, "हास. पण बरोब्बर मधोमध उतरलं."

मी हे हसत सांगितलं. काकाही हसले, पण निराळं. "म्हणजे तुझ्या वडिलांनी रांगोळी काढली आणि साहेब येऊन पुसून गेले!" सगळे खोखो हसले. काकांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी आणखी एक जोडलं. "बाई गं, हेलिकॉप्टर वर असतं. शिपाई खाली असतो. तुमचा संबंध फक्त धुळीपुरता." पुन्हा हशा. पोतनीससाहेबांनी ताटात बघितलं, पण हसले तेही. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नंदा, आमटी संपली बघ, आतून आण," आणि मी आत गेले. आमटीचं पातेलं भरलेलं होतं.

त्या दिवसापासून त्या घरात मला नंदा म्हणणाऱ्या एकट्या काकू उरल्या. काका आणि त्यांचं पाहून इतर सगळे मला 'हेलिपॅड' म्हणू लागले. "हेलिपॅड, पाणी आण." "काय हेलिपॅड, आज बँकेत कोण उतरलं?" मी हसून 'ओ' द्यायची. मोठ्या माणसाने, आणि तेही आसरा देणाऱ्या माणसाने नाव ठेवलं तर राग धरायचा नसतो, असंच आम्ही शिकलो होतो. पण राग कोणाच्या शिकवण्याने थांबत नाही. दर शनिवारी मी घरी फोन करायची आणि वडील विचारायचे, "सायेब कसे हायेत? त्यांले माया नमस्कार सांग." मी हो म्हणायची. तो नमस्कार मी एकदाही पोचवला नाही. माझ्या सुडाची ती सुरुवात समजायला हरकत नाही.

मंडळाच्या गणेशोत्सवात हस्तकलेचं प्रदर्शन असे आणि परीक्षक अर्थातच काका. मी ठरवलं, त्यात हेलिकॉप्टर ठेवायचं, चुन्याच्या वर्तुळावर. मला काही येत नव्हतं म्हणून मी काकांनाच विचारलं की शिकाऊ माणसाने कुठलं घ्यावं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग माळ्यावरून हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांच्या संचाचं एक खोकं काढून आणलं. "हे घे. माझ्याकडून भेट. शिकाऊंसाठी याच्याइतकं सोपं दुसरं नाही. आठ वर्षांची पोरं करतात." मी खाली वाकून नमस्कार केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाटलं, आपण उगाच मनात धरून बसलो होतो.

ते हेलिकॉप्टर माझ्या तळहाताएवढं होतं आणि त्याचे तुकडे दीडशेच्या वर. कित्येक तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे. दोन अर्धे भाग जोडायला खुंट्या नाहीत, शेपटी वाकलेली, आणि पुढची काच तीन तुकड्यांची. मी महिनाभर रोज बँकेतून आल्यावर बसायची. गोंदाच्या वाफेने काच दुधासारखी पांढरी झाली. पात्यांचा गुंता चिकटला तो शेवटपर्यंत सुटला नाही. काका रोज डोकावायचे, "काय हेलिपॅड, उड्डाण कधी?" शेवटी जे तयार झालं ते हेलिकॉप्टर नव्हतं, पावसात सापडलेला टोळ होता. प्रदर्शनाची वाट काकांनी पाहिलीच नाही. त्यांनी ते उचलून काचेच्या कपाटात सगळ्यांत खाली ठेवलं आणि माझ्याकडूनच कार्ड लिहून घेतलं, 'अपघातानंतर'. पुढच्या रविवारी पाहुणे ते बघायला गुडघ्यांवर वाकत होते.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. खोकं उघडलं तेव्हाच शेपटीच्या एका भागावर मला वाळलेला गोंद दिसला होता, आणि त्या गोंदात अंगठ्याचा ठसा. माझ्या अंगठ्याच्या दुप्पट.

खोक्यावर दुकानाच्या नाव-पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली होती. बालीगंजमध्येच, बाजाराच्या मागच्या गल्लीत. एका शनिवारी मी ते रिकामं खोकं घेऊन तिथे गेले. दुकानदार पालबाबू, साठीचे, गळ्यात भिंग अडकवलेले, बेहालाहून रोज बसने येणारे. मराठीचा प्रश्नच नव्हता. ते बंगाली मिसळलेलं हिंदी बोलायचे. खोकं पाहताच त्यांनी कपाळाला हात लावला. "आरे बाबा! दीदी, ये आपको किसने दिया? ये तो मैं भी साल में एक बनाता हूँ, वो भी मन अच्छा हो तब."

मी दिघ्यांचं नाव सांगितलं. पालबाबूंनी भिंग पुसायला घेतलं. माणसाला पुसायचं काही नसतं तेव्हा तो असंच काहीतरी पुसतो. मी तिथेच उभी राहिले. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. दिघेबाबूंनी एकदाच हौसेने स्वतः करून बघायला म्हणून हे हेलिकॉप्टर नेलं होतं. आठवड्यात येऊन म्हणाले, जमत नाही. बाकीची सतरा? पालबाबूंनी मागच्या खोलीचा पडदा बाजूला केला. तिथे दिव्याखाली एक अर्धवट आगगाडी उभी होती, तिच्या चाकांना कपाटातल्या रणगाड्यांसारखाच तपकिरी गंजाचा रंग, तशाच बारीक हाताने लावलेला. "सब यहीं से गया है, दीदी," ते म्हणाले.

मी मनातल्या मनात ती सतरा कार्डं पुन्हा वाचली. माझ्याच अक्षरातली.

पालबाबूंनी हात जोडले. कोणाला सांगू नका, ते माझं जुनं गिऱ्हाईक आहे, कारागिराचं नाव कुठे राहतं, मला त्याचं काही वाटत नाही. मी वचन दिलं. काकांचं सोंग चव्हाट्यावर आणता येणार नव्हतं. त्यात या भल्या माणसाचं नुकसान होतं. पण वचन देताना माझ्या डोक्यात काहीतरी थंडपणे, नीटपणे जुळत होतं, जसे चांगल्या संचाचे दोन भाग टक् आवाज करून जुळतात. मी म्हणाले, "पालबाबू, मला तुमच्या दुकानातलं सगळ्यांत सोपं हेलिकॉप्टर हवंय. एवढं सोपं की कोणाला कसलीच सबब सांगता येऊ नये."

ती निवड करायला मी तीन शनिवार घेतले. आयुष्यात लुगडं घेताना, पुढे फ्लॅट घेतानाही मी इतकी चोखंदळ नव्हते. पालबाबू एकेक खोकं पुढे ठेवायचे आणि मी काकांच्या तोंडची सबब आठवायची. लष्करी होतं, त्याला बंदुकांचे बारीक तुकडे; काका म्हणतील, या वयात डोळे साथ देत नाहीत. बाद. चाकांवरचं होतं, त्याच्या नाकात आधी वजन भरावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. म्हणतील, वजन कुठे दिलंय? बाद. रंग द्यावा लागणारं बाद, गोंद लागणारं बाद, पाण्यात भिजवून अंगावर चिकटवायच्या नाजूक चित्रचिठ्ठ्या असलेलंही बाद. शेवटी एक मिळालं. हातभर लांब, दोन माणसं बसतील असं शिकाऊ वैमानिकांचंच हेलिकॉप्टर. चाकांऐवजी दोन सरळ पाय, दोनच पाती, पुढची काच अखंड. प्लॅस्टिक मुळातच लाल आणि पांढरं. गोंद नको, दाबलं की बसतं. तुकडे तीस-बत्तीस, सगळ्यांत लहानसुद्धा बोटाएवढा. खोक्यावर हसणाऱ्या मुलाचं चित्र.

"यात चुकण्यासारखं काहीच नाही?" मी विचारलं.

"एक जगह है," पालबाबू म्हणाले आणि सूचनांचा कागद उलगडला. अक्षरं जपानी, पण चित्रं स्पष्ट. चौथ्या चित्रात वरच्या पात्यांचा दांडा पोटात ठेवायचा आणि मगच दोन्ही बाजू मिटायच्या. आधी मिटल्या तर दांड्याला आत जायला वाट नाही. "जो कागज देखेगा, उसको कुछ नहीं होगा."

मी खोकं छातीशी धरलं. काकांचं एक आवडतं वाक्य होतं, "कागद वाचायचे ते कारकुनांनी. इंजिनियर वस्तू हातात घेतो." हे हेलिकॉप्टर सगळं माफ करणारं होतं, फक्त कागद न वाचणं तेवढं त्याला चालत नव्हतं.

पुढचं अवघड नव्हतं. पोतनीससाहेबांना मी सुचवलं, यंदा नुसतं प्रदर्शन काय ठेवायचं, दिघेकाकांचं प्रात्यक्षिक ठेवू. सगळ्यांसमोर तासाभरात हेलिकॉप्टर. काकांची ही कला तीस वर्षांची आहे, नव्या पिढीने बघावी. मी हे इतक्या भक्तिभावाने म्हणाले की साहेब भारावले. आमच्या मंडळात एक पद्धत होती, आणि मी तिच्यावरच भिस्त ठेवली होती. कार्यक्रमपत्रिका छापून आल्यावरच मानकऱ्याला कळायचं की आपलं नाव आहे, आणि एकदा गणपतीच्या चित्राखाली नाव छापलं की नाही म्हणणं म्हणजे देवालाच नाही म्हणणं. काकांनी पत्रिका दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला. "माझा संच मी आणेन," ते म्हणाले.

"संच मंडळाकडून आहे, काका. मीच निवडलाय," मी म्हणाले. "शिकाऊंसाठीचा. म्हणजे सगळ्यांना कळेल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराशी चाळा करत नम्रपणे उभी होते. इतकी नम्र मी नंतर कधीच झाले नाही.

आणि मी वडिलांना बोलावून घेतलं. ते एवढ्या लांब कधी आले नव्हते. हावड्याला उतरल्यावर त्यांनी पूल खालून बघायचा हट्ट धरला, म्हणून आम्ही होडीने नदी ओलांडली. पुलाखालून जाताना ते मान वर करून म्हणाले, "खांब नाही मधात एकबी. कोणं आखलं असंल गा?" त्यांना 'हेलिपॅड' माहीत नव्हतं, माझा बेत माहीत नव्हता. मला फक्त एवढंच हवं होतं की तो माणूस खाली येईल तेव्हा माझ्या वडिलांनी खुर्चीवर बसून बघावं. खुर्चीवर. मी त्यांना दुसऱ्या रांगेतली खुर्ची धरून दिली. काकूंनी त्यांच्यासाठी धुतलेली टोपी पुन्हा कडक इस्त्री करून आणली होती.

सभागृहात धुपाचा धूर होता, बाहेर चहाचं मोठं पिंप. काकांनी टेबलामागे उभं राहून आधी हेलिकॉप्टरचा इतिहास सांगितला, तो बराच वेळ चालला. मग खोकं उघडलं, कागद काढला आणि न उलगडता बाजूला ठेवला. "हे आपल्याला लागत नाही," ते म्हणाले आणि लोक कौतुकाने हसले. पाय लागले. शेपटी लागली. खुर्च्या बसवल्या, काच बसली. आणि मग त्यांनी पोटाच्या दोन बाजू हातात घेतल्या, एकमेकींवर ठेवल्या आणि दाबल्या. टक्. तो आवाज मला दुसऱ्या रांगेत ऐकू आला. त्याहून गोड आवाज मी ऐकला नाही, हे मी आज, गुडघे दुखत असताना, देवाचं नाव घेण्याच्या वयातही लिहिते आहे.

दांडा उरला. काकांनी तो वरच्या भोकात घालून पाहिला. उलटा करून पाहिला. फिरवला, पुन्हा उलटा केला. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग खोकले सुरू झाले. मागून कोणीतरी म्हणालं, "इंधन संपलं वाटतं!" आणि हशा पिकला, तोच रविवारचा हशा, फक्त आता त्याने बाजू बदलली होती. काकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी जोर लावला, दांडा हातातून निसटला आणि टेबलाखाली कुठेतरी गेला. काकांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. मी नजर हलवली नाही. हीच ती घटका, मी स्वतःला सांगितलं. नीट बघून घे.

आणि त्याच वेळी माझ्या शेजारची खुर्ची सरकली. वडील उठले होते. साहेबाच्या हातून काही पडलं की उठायचं, हे तीस वर्षांचं वळण. त्यांच्या पायांनी त्यांना विचारलंसुद्धा नसेल. मी त्यांचा सदरा धरायला हात पुढे केला, पण ते गेले. कडक टोपी सावरत गुडघ्यांवर बसले आणि रांगत टेबलाखाली शिरले. सगळ्या सभागृहासमोर माझे वडील त्या माणसाच्या बुटांपाशी जमीन चाचपत होते, आणि त्यांना तिथे मी आणलं होतं. इतके शनिवार घालवून, इतकी निवड करून.

"सायेब, सापडलं जी," ते बाहेर येत म्हणाले. मग घडी केलेल्या कागदाकडे त्यांचं लक्ष गेलं. कागद दिसला की उघडून बघायचा, हेही वळणच. त्यांनी तो उलगडला, चित्रांवरून बोट फिरवलं आणि चौथ्यावर थांबवलं. "हे पाहा, सायेब. हे आधी पोटात ठेवाचं होतं. मंग मिटाचं."

"आता मिटलंय ते," काका दबक्या आवाजात म्हणाले. "उघडत नाही. तुटेल."

"नाही तुटत. शाळेत बाटलीचं बूच अडकलं की आम्ही असंच करतो." वडील बाहेर गेले, चहाच्या पिंपाशेजारच्या गरम पाण्यात आपला रुमाल बुडवून, पिळून घेऊन आले आणि तो हेलिकॉप्टरच्या पोटाभोवती गुंडाळला. बाळाला शेकावं तसं ते त्याला हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी अंगठ्याच्या नखाने हलकेच दाबलं आणि दोन्ही बाजू सुटल्या. "आता तुम्ही ठेवा जी," ते दांडा पुढे करत म्हणाले. काकांनी हात मागे घेतला. तेव्हा वडिलांनीच दांडा ठेवला, बाजू मिटल्या, पाती बसवली, आणि बोटाने एक फिरकी दिली. पाती गरगरली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मला वाटलं, आता काका बोलतील. ते बोलले. ध्वनिक्षेपक हातात घेऊन, कपाळ पुसून, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तर असं हे हेलिकॉप्टर आपण तयार केलं. माझे मदतनीस, आमच्या हेलिपॅडचे वडील, यांचेही आभार." लोक हसले. वडीलही हसले. त्यांना वाटलं, त्यांच्या त्या वर्तुळाची कीर्ती कोलकात्यापर्यंत पोचली आहे. परतीच्या गाडीत बसताना ते मला म्हणाले, "तू सांगतलं होतं वाटते त्यांले, मी आखलं होतं ते. चांगलं वाटलं." मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते. गाडी हलली तेव्हा माझा राग जरासुद्धा कमी झालेला नव्हता. उलट तो आता कुठे नीट आकाराला आला होता.

वडील गेल्यावर काकांनी हेलिकॉप्टर कपाटात मधल्या कप्प्यात ठेवलं, शिडाच्या जहाजाच्या शेजारी. "हेलिपॅड, कार्ड लिहून टाक," ते म्हणाले आणि फिरायला गेले. मी दौत घेतली, बोरू घेतला. ते कार्ड मी आधीच्या सतरा कार्डांपेक्षा सावकाश लिहिलं. 'शिकाऊ वैमानिकांचे हेलिकॉप्टर. निर्मिती : श्री. रामदास इंगळे, शिपाई.' आत ठेवलं आणि कपाट बंद करणार तोच मागे काकू उभ्या दिसल्या. हातात धूळ पुसायचं फडकं. तीस वर्षं त्या कपाटातली धूळ त्याच पुसत होत्या. त्यांनी कार्ड वाचलं, ओठ हलवत, एकेक शब्द. मला वाटलं, काढ म्हणतील.

"शाई वाळली का?" त्यांनी विचारलं.

"वाळली."

काकूंनी दार ओढलं, किल्ली फिरवली, काढून पदराच्या टोकाला गाठ मारली आणि गाठ कमरेला खोचली. "सतरा कार्डं पुसतेय मी," त्या म्हणाल्या. "पालबाबूंचा मुलगा खोकी घेऊन येतो, तेव्हा दार मीच उघडते, नंदा." एवढंच. मग लसूण सोलायला गेल्या.

रविवारी पाहुणे आले. पोतनीससाहेब कपाटापाशी गेले आणि मोठ्याने वाचू लागले. 'शिपाई' या शब्दापाशी त्यांचा आवाज अडखळला. काका उठून जवळ आले. मी चहाचा ट्रे धरून उभी होते, आणि मला त्यांची फक्त मान दिसत होती, हळूहळू लाल होणारी.

"अहो, किल्ली कुठाय?"

"हरवली," काकू आतून म्हणाल्या.

"हरवली म्हणजे?"

"म्हणजे सापडत नाही. काच फोडायची तर फोडा, पण पाहुणे गेल्यावर. काचा मला झाडाव्या लागतात."

कोणीतरी विचारलं, "इंगळे म्हणजे?" सगळे काकांकडे बघत होते. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी ट्रे खाली ठेवला नाही, वाट पाहिली. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्याशिवाय मी त्या खोलीतून हलणार नव्हते.

"हिचे वडील," काका म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "नंदाचे."

ती किल्ली काका होते तोवर सापडली नाही. दर रविवारी नवा पाहुणा आला की तेच वाचन, तोच प्रश्न, आणि काकांना तेच उत्तर द्यावं लागे. दोन वर्षं मी त्या घरात राहिले, पुन्हा कोणी मला हेलिपॅड म्हटलं नाही. लोक म्हणतात, सूड घेतल्यावर माणसाला रितं रितं वाटतं. मला नाही वाटलं. मला वाटलं ते एवढंच, की वडिलांना टेबलाखाली जावं लागलं, तेवढं राहिलं. त्याची भरपाई कुठल्याच कार्डाने झाली नाही, आणि ती माझ्याच खात्यावर आहे.

त्या रविवारी मी वडिलांना फोन केला. त्यांनी नमस्कार सांग म्हणायच्या आतच मी कार्डाचं सांगितलं, की कपाटात तुमचं नाव लागलं आहे, माझ्या अक्षरात, काचेच्या आत.

"पुढं शिपाई लिहिलं ना, पोरी?"

"लिहिलंय, बाबा."

"मंग ठीक हाये. नाहीतर लोकायले वाटन, कोण्या इंजिनियरनं केलं."